पावण्यांची गोणी

कसबा बावडा
१७ ऑगस्ट २०२५

चन्नव्वा,

“दोन्ही घरांत एकेक ओलीस असली, की भांडण उंबऱ्याच्या आत येत नाही.” आपल्या सुपारीच्या दिवशी माझे अज्जा असं बोलले होते. सगळी बैठक हसली होती. तुझे अप्पा तर मांडीवर थाप मारून हसले. मी चहाचे कप घेऊन दारात उभी होते, मीही हसले. तुझा भाऊ गुरुसिद्ध मला, माझा भाऊ मल्लेश तुला. एक मांडव, एक वाजंत्री, एकच जेवणावळ. तुला वन्सं म्हणावं की वहिनी, हे मला पुढे कितीतरी दिवस ठरवता आलं नाही. शेवटी चन्नव्वाच म्हणायला लागले.

आज तू माझ्या घरात आहेस. मी लावलेल्या कढीपत्त्याची पानं तोडतेस, माझ्या पलंगावर झोपतेस. आणि मी इथे, लेकीच्या भाड्याच्या खोलीत. प्रियदर्शनीचं कॉलेजचं शेवटचं वर्ष आहे, तिच्या जेवणाखाण्याचे हाल होतात म्हणून आले, असं मी शेजारणींना सांगते. तुलाही तेच सांगितलं असेल. सध्या तेच धरून चाल.

तुझा फोन तुझ्या अव्वाच्या, माझ्या सासूच्या, कनवटीला असतो हे मला ठाऊक आहे, म्हणून पत्र. आपला पोस्टमन माणसाच्या हातात पत्र देतो, आणि अव्वाला वाचता येत नाही. तुझ्या हाताला आता पेन धरवत नाही, तेव्हा उत्तराची वाट मी बघत नाही.

कोर्टाची तारीख पुढच्या महिन्यात आहे. आपण दोघींनी काय बोलायचं ते आकाराम तात्यांच्या सोप्यावर ठरलंय, ओढ्याच्या अलीकडच्या-पलीकडच्या दोन्ही गावांचे तंटे तिथेच मिटतात म्हणून. मी सांगायचं, मल्लेशचा हात यंत्राच्या पट्ट्यात सापडला. माझ्या नवऱ्यानं त्याला बोटही लावलं नाही. तू सांगायचंस, न्हाणीत पाय घसरला. माझ्या भावानं तुला बोटही लावलं नाही. दोन्ही केसी निकाली. तू मल्लेशकडे परत, मी गुरुसिद्धकडे परत. तात्या म्हणाले, “फिट्टंफाट. लेकी-सुना आपापल्या घरी. आणि काय पायजे?”

मी मान हलवली. तूही हलवली असशील.

पण त्याआधी मला तुझ्याशी बियाण्याबद्दल बोलायचं आहे. हसू नकोस. आपल्या दोन्ही घरांचं जे काही मोडलं, ते एका गोणीपासून मोडलं, आणि त्या गोणीचं जे मला माहीत आहे ते तुझ्यापर्यंत कुणी येऊ दिलेलं नाही.

तुझी शांभवी


२२ ऑगस्ट

चन्नव्वा,

तुला आठवतं का, मल्लेशनं ते धूड टेम्पोतून आणलं तो दिवस? कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत तो कामाला होता, तो कारखाना मसाला वाळवायची यंत्रं बनवायचा. त्यातलं एक मोडीत निघालेलं. लांब पेटी, आतून सरकणारा पट्टा, वर मायक्रोवेव्हचे डबे बसवलेले. घरात लोक शिळी भाजी गरम करतात तीच गोष्ट, फक्त बैलगाडीएवढी. अख्खं गाव बघायला आलं होतं. चावडीजवळचा तो म्हातारा काय म्हणाला होता?

“मल्ल्या, बी भाजून पेरनार व्हय? मग एकदम फुटानंच पेर की! उगवल्यावर खाली उभं ऱ्हायाचं आन् तोंड उघडायचं!”

मल्लेश चिडला नाही. तेव्हा तो चिडत नसे. त्यानं सगळ्यांना समजावून सांगितलं. सोयाबीनच्या दाण्यावर बुरशी बसलेली असते, डोळ्यांना दिसत नाही, पेरली की तीही उगवते आणि मुळं खाते. दाणा पट्ट्यावरून काही क्षण त्या लहरींखालून गेला की वरची बुरशी मरते आणि आतला जीव जागा होतो. “पर बी कोरडं पायजे,” तो बोट नाचवून म्हणायचा. “वलं असलं की आतलं पाणी तापतंय. मग अंकूर शिजतोय. दिसायला दाणा दाण्यावानीच दिसतोय, पर आत मढं.”

पहिल्या वर्षी त्यानं आपल्याच पट्टीत अर्धं तसं पेरलं, अर्धं साधं. श्रावणात पाऊस लागून राहिला तेव्हा साधी बाजू पिवळी पडली. उपटलं की हातात सहज यायचं, मुळी तपकिरी, भिजलेल्या सुतळीसारखी, वरचं साल बोटाला चिकटायचं. मूळकूज. आणि यंत्रातून काढलेली बाजू काळीशार उभी. तू परातीत पाणी घेऊन त्या मुळ्या धूत बसली होतीस. पांढऱ्या, गुंता न होता पसरलेल्या, गाठींनी भरलेल्या. मल्लेश एकेक मुळी बोटानं सोडवत होता. तू मला म्हणालीस, “वैनी, बघा हो. तुमच्या भावानं माज्या केसाची एवढी निगा कवा केली न्हाय!”

तो लाजला होता. खरंच लाजला होता. हे मी लिहिते कारण पुढचं लिहिताना मला ते विसरायचं नाही.

कृषी महाविद्यालयातल्या मॅडम आल्या होत्या. त्यांनी मुळ्या बघितल्या, खूश झाल्या, आणि जाताना म्हणाल्या, “दाण्यावरची बुरशी गेली. मातीतली जिथल्या तिथे आहे. एका वर्षावर फार भरवसा ठेवू नका.” मल्लेशनं ते अर्धंच ऐकलं. गुरुसिद्धनं तेवढंही नाही. त्यानं एक रोप उपटलं, मूळ नाकाजवळ नेलं आणि म्हणाला, “पावणं, फुडच्या साली पैलं माजं. गाव मागनं.”

मला किती बरं वाटलं होतं. माझ्या नवऱ्यानं माझ्या भावाचं कौतुक केलं होतं.

शांभवी


२९ ऑगस्ट

चन्नव्वा,

मधले दिवस मी लिहिलं नाही. लिहायला बसले की हात दुसऱ्या कामाला जायचा. काल प्रियदर्शनी म्हणाली, “आई, तू ते पत्र पुरं कर, न्हायतर फाडून टाक. मधी ठेवू नको.” पोरगी आपल्यापेक्षा शहाणी आहे.

गेल्या वर्षीच्या जूनचं लिहिते.

तुमच्या घराची रीत जगावेगळी आहे, हे मला लग्नानंतर कळलं. बाकीची घरं पेरायच्या दिवशी रानात जाऊन कुरीची, पेरायच्या अवजाराची, पूजा करतात. तुमच्याकडे बियाण्याची ओटी भरतात, तीही घरात, आदल्या दिवशी. माहेरवाशिणीनं यायचं, गोणीमागे एक तांब्या हळदीचं पाणी ओतायचं आणि कणीक मळावी तसं दोन्ही हातांनी बी खालीवर करायचं. एकही दाणा हळदीवाचून राहता कामा नये. मग तोंड बांधून गोणी रातभर देव्हाऱ्यापुढे. बी म्हणजे घरची लेक, ती उंबरा ओलांडते तर कोरडी कशी जाईल, असं अव्वा म्हणायची.

किती पिढ्या हे चाललंय. कधी काही बिघडलं नाही, कारण उंबऱ्याबाहेर पडलेली गोणी थेट रानात जायची. ओलं बी ओल्या मातीत. उलट लवकर उगवायचं. गेल्या वर्षी पहिल्यांदा उंबरा आणि रान यांच्यामध्ये यंत्र आलं.

अव्वानं तुला बोलावणं धाडलं. तू आलीस, दरवर्षीसारखी. ओटी भरलीस, दरवर्षीसारखी. घरातल्या प्रत्येकाला ही रीत माहीत होती, म्हणूनच ती कुणाच्या लक्षात आली नाही. सोयाबीन मुळातच पिवळं, हळद दिसते कुठे? सकाळपर्यंत दाण्यांनी पाणी पिऊन टाकलेलं, वरून हाताला कोरडंच लागत होतं. गोण्या ट्रॉलीत चढल्या. मीही चढले, माहेरी जायला मिळतंय म्हणून.

पेरणी झाली. सगळ्या शिवारात ओळी दिसायला लागल्या आणि आमच्या रानात काळी माती. गुरुसिद्ध रोज बांधावर जाऊन बसायचा. मग एके दिवशी त्यानं ओळीत बोट घालून दाणा काढला. मऊ, फुगलेला, आणि शिजवलेल्या घुगऱ्यांसारखा वास. त्यानं पुढे किती जागी उकरलं कोण जाणे. घरी आला तेव्हा नखांत माती होती.  ट्रॅक्टरच्या पेटीतून लोखंडी टॉमी काढला आणि ओढ्याकडे चालायला लागला. मी अनवाणी मागून पळत होते.

पुढचं तू दारातून पाहिलंस. तुझे हात पिठाचे होते. तरी मला लिहायचंय, कारण कोर्टात आपण दोघी सांगणार आहोत की हे घडलंच नाही.

मल्लेश पट्टा ताणत होता. मान वर करून म्हणाला, “या की दाजी, च्या टाकाय सांगतो—” तेवढंच. पहिला घाव यंत्राच्या काचेवर, दुसरा त्याच्या पाठीत. तो पट्ट्याच्या रुळावर आडवा पडला. तुझ्या भावानं त्याचं मनगट गुडघ्याखाली दाबलं. “माजंच बी जाळलंस! अख्ख्या गावाचं उगवलं, माज्या एकट्याचंच जाळलंस! बहिणीचा नवरा म्हणून पैला नंबर दिला तुला!” तो रडत होता, चन्नव्वा. नाकातून पाणी गळत होतं आणि टॉमी खाली येत होता. वाळकी तुरकाटी मोडतात तसा आवाज. मग पुन्हा तसाच, पण ओला. मी त्याच्या पाठीवर लोंबकळत होते, शर्ट फाटून माझ्या मुठीत आला. मल्लेश ओरडत नव्हता. तो आपल्या हाताकडे नवल वाटल्यासारखं बघत होता, हा कुणाचा म्हणून.

तू तेव्हा एकच वाक्य बोललीस. “अण्णा, बास की रं.” तुझ्या सख्ख्या भावाला, इतक्या हळू, की त्यालाच लागलं असेल असं वाटावं.

त्यानं दुकानातलं बी आणून पुन्हा पेरलं. उगवलं. आणि आषाढात मूळकुजीनं खाल्लं, चाई पडलेल्या डोक्यासारखं रान दिसायला लागलं. बांधापलीकडे मल्लेशच्या यंत्रातून गेलेलं दुसऱ्यांचं सोयाबीन कंबरेला लागत होतं. येणारा जाणारा म्हणायचा, “गुरुसिद्ध, पावण्यानं लई मनावर घेतलं वाटतं!” त्या हसण्यानं तो आतून कसा होत गेला हे मी एका ताटात जेवून पाहिलं आहे.

आज एवढंच.


३१ ऑगस्ट

चन्नव्वा,

आता तुझ्या हाताचं.

मी तिथे नव्हते. मला तुझ्या स्वप्नालीनं सांगितलं. पंधरा वर्षांची पोर, माझ्या मांडीवर डोकं ठेवून, छताकडे बघत. मी तिचेच शब्द लिहिते, माझे घालत नाही.

महाविद्यालयातल्या मॅडम आल्या होत्या. पट्ट्याखाली सांडलेले आमच्या गोणीचे दाणे मल्लेशनं डब्यात जपून ठेवले होते, ते त्यांनी तपासून आणले. म्हणाल्या, “यंत्राचा दोष नाही. हे बी आत जातानाच ओलं होतं. बाकीच्यांचं कोरडं होतं, म्हणून वाचलं.” त्या गेल्या. मल्लेशचा उजवा हात प्लॅस्टरमध्ये होता. त्यानं तुला विचारलं, “वलं कशानं झालं?”

तू भाकरी थापत होतीस. सरळ मनानं म्हणालीस, “ओटी भरली न्हवं का मी. दर साली भरतो की आमी.”

“आत्या,” स्वप्नाली म्हणाली, “पप्पा लई येळ गप बसले. मग पाट्यापाशी गेले. आईला म्हणाले, ‘कोणच्या हातानं मळलंस?’ आईनं दोन्ही दावले. पप्पा म्हणाले, ‘एक सांग.’ मग आईनं उजवा फुडं केला. आपसूक केला, आत्या. मला वाटलं पप्पा हळद बघत्यात.”

वरवंटा डाव्या हातानं उचलला होता म्हणे. पहिला नीट बसला नाही. म्हणून पुन्हा. म्हणून पुन्हा. भाकरी तव्यावर जळत होती आणि ती आधी उतरवावी की तुला धरावं हे पोरीला सुचत नव्हतं. तिनं भाकरी उतरवली. अजून ती स्वतःला त्याबद्दल माफ करत नाही.

तू हात पुढे केलास. वर्षभर मी या एका गोष्टीशी भांडते आहे. तुला वाटलं की तुझं चुकलं, दोन्ही घरं तुझ्या हातानं बुडाली, तेव्हा शिक्षा त्या हाताचीच. तुला अजूनही तसंच वाटतं. दवाखान्यात तू मला म्हणालीस, “वैनी, त्येनी रागानं न्हाय मारलं. हिसाब केला.”

तर आता हिशेबच ऐक.

आमच्या गोण्या मी ट्रॉलीतून घेऊन गेले तेव्हा मल्लेशच्या दारात रांग होती. त्याच्याकडे ओल मोजायचा मीटर होता, सुईसारखा. प्रत्येकाच्या गोणीत तो खुपसायचा, आकडा बघायचा आणि मगच बी पट्ट्यावर घ्यायचा. दोघा-तिघांच्या गोण्या त्यानं उन्हात पसरायला परत पाठवल्या. लोक चिडले. “आमच्यावर इस्वास न्हाय व्हय रं?” त्यानं कुणाचं ऐकलं नाही.

मग आमची गोणी आली. त्यानं मीटर पुसला आणि खिशात ठेवला.

मी म्हणाले, “अरे, ह्यात घालायचा राहिला की.”

तो म्हणाला, “अक्का, पावण्यांच्या गोणीत मीटर? दाजी म्हणतील, आमी बहीण दिली आन् हा आमचं माप काढतोय. जीभ झडंल माजी.” आणि हसला. “तुमच्या घरचं बी. ते कोरडंच आसनार.”

मीटर खिशात होता, चन्नव्वा. सुई खुपसायला जेवढा वेळ लागतो तेवढाच. लोकांच्या गोण्यांना लावला, आणि जिथे मान राखायचा होता तिथे लावला नाही. मॅडम “ओलं होतं” म्हणाल्या त्या क्षणी मल्लेशला तो खिसा आठवला असणार. तो लई वेळ गप्प बसला, असं स्वप्नाली म्हणाली ना? माझ्या भावाला मी लहानपणापासून ओळखते. त्याच्या हातून काही फुटलं की तो आधी गप्प बसायचा आणि मग धाकट्या कुणालातरी विचारायचा, “कुणी फोडलं?”

तुझा हात त्यानं तुझ्या चुकीसाठी ठेचला नाही. तुझ्याकडून झालं ती रीत होती. जे टाळता आलं असतं ते त्याच्या खिशात होतं.

मी हे लपवून ठेवलं नव्हतं. तू दवाखान्यात असतानाच मी आकाराम तात्यांना जाऊन सांगितलं. तात्या म्हणाले, “पोरी, आता उकरून काय उगवनार हाय?” अव्वाला सांगितलं. अव्वा उठून आत गेली. आणि तात्यांकडून ते तुझ्या भावाच्या कानावर गेलं. त्याला एवढंच ऐकू आलं की त्याच्या तापट डोक्याला भिऊन मीटर खिशात गेला, म्हणजे दोष फिरून त्याच्याच दारात.

मी पहिल्या पत्रात लिहिलं, लेकीच्या जेवणासाठी आले. ते खोटं आहे. त्या दिवशी गुरुसिद्धनं मला केसांना धरून सोप्यातून ओढत नेलं. उंबऱ्यावर माझं डोकं आपटलं तेव्हा अव्वा म्हणाली, “भाईर न्हे, भाईर न्हे, देव्हारा हाय हितं.” अंगणात त्यानं कमरेचा पट्टा काढला. पाठीवरचे वळ गेले. पण बकलचा एक फटका डाव्या कानावर बसला, त्या कानानं मला आता काहीच ऐकू येत नाही. प्रियदर्शनी हाक मारते तेव्हा मी उलट्या दिशेला वळते, आणि ती पुन्हा हाक न मारता समोर येऊन उभी राहते.

ज्या हातानं त्यानं मला बकल मारलं त्याच हातानं तो मला आंब्याची कोय चोखून, धुऊन, अंगणात लावायला द्यायचा. हे तुला सांगायची गरज नाही. तुझा भाऊ आहे.


७ सप्टेंबर

चन्नव्वा,

परवा मी मल्लेशकडे जाऊन आले. तुला कुणी सांगितलं नसेल.

यंत्र दुरुस्त झालंय. हरभऱ्याच्या बियाण्यावर त्याचं काम चाललंय. आता तो प्रत्येक गोणीला मीटर लावतो, पाहुणा असो की देव असो, असं स्वतःच म्हणाला. मनगट वाकडं जुळलंय त्याचं. अंगणात परात घेऊन बसला होता, रोपांच्या मुळ्या धूत. “अक्का, बघ किती पांढऱ्या,” म्हणाला. डोळे तेच, लहानपणी पतंग दाखवायचा तेव्हाचे. एक केसाएवढी मुळी तुटली तर तो “च्च” म्हणाला, जणू तिला दुखलं.

मी विचारलं, “आणि चन्नीचा हात?”

“जोडलाय की डॉक्टरनं. माजा बी जोडला, तिचा बी जोडला. झालं की आता.” मग मुळीकडेच बघत म्हणाला, “येऊंदे तिला घरी. मी काय आता रागाचा न्हाय ऱ्हायलो.”

मी म्हणाले, “तुझ्या खिशात मीटर होता, मल्लेश.”

त्याचा हात परातीत थांबला. पाणीसुद्धा थांबलं. मग तो म्हणाला, “अक्का, तू माजी बहीण हायस का त्येंची बायको? एकदा ठरीव.”

स्वप्नाली चहा घेऊन आली. त्यानं कप घ्यायला हात वर केला. नुसता कप घ्यायला. आणि पोरीनं मान खाली घालून खांद्यात ओढून घेतली, डोळे मिटले. चहा सांडला नाही. तिला सवय झालेली होती, कप न सांडता मान कशी घालायची याची. मल्लेशनं चहा घेतला, प्यायला. त्याच्या ते लक्षातही आलं नाही.

म्हणून मी हे शेवटचं लिहिते आहे.

तारखेला तुझा जबाब आधी आहे, माझा नंतर. मी खरं सांगणार आहे. टॉमी, गुडघा, मनगट, सगळं. माझा कानही दाखवणार आहे. वकील म्हणतात, तुमचा संसार संपेल. संपू दे. तुझ्या भावाला माझ्या तोंडून शिक्षा होईल. तू मला शिव्या देशील, अव्वा दारात उभी करणार नाही. ते मी धरून चालले आहे.

पण तू जर त्या दिवशी म्हणालीस की न्हाणीत पाय घसरला, तर गुरुसिद्ध आत जाईल आणि मल्लेश सुटेल. सुटलेला माणूस तुला घेऊन घरी जाईल. त्याला वाटेल, देवानं निवाडा केला, चूक समोरच्याच घरची होती. मग पुढच्या वेळी कुठलं बी उगवलं नाही, कुठला चहा सांडला, तर तो विचारेल, कोणच्या हातानं. आणि त्या वेळी पुढे येणारा हात तुझा नसेल.

मला ठाऊक आहे तू काय म्हणशील. स्वप्नाली तिथे आहे म्हणून तुला तिथे परत जायचं आहे, आणि खरं बोललीस तर ते दार बंद होईल. प्रियदर्शनीची खोली लहान आहे, पण दोघी माय-लेकी मावाल. मी इथल्या खानावळीत भाकरी थापते, मालकीणबाई अजून एक बाई हवी म्हणते आहे. डाव्या हातानं भाजी निवडता येते. यालाही तू नाही म्हणशील. तू म्हणशील, वैनी, तुमचा भाऊ हाय तो, तुमाला कसं बोलवतं? तू म्हणशील, आमच्या घरात असं कुणी केलं न्हाय. हे पत्र तू चुलीत घालशील आणि अव्वानं विचारलं तर सांगशील, कॉलेजची जाहिरात होती.

तरी मागते. तो माझा भाऊ आहे, मी त्याला खांद्यावर बसवून जत्रेत फिरवलंय, आणि मीच मागते.

तारखेला साहेब विचारतील, हात कशानं मोडला. पाय घसरला म्हणू नकोस, चन्नव्वा. मल्लेशनं मोडला म्हण.

शांभवी